सॉल्टहिलला (गॉलवे) नवीन आहोत: वादळी दिवसांत समुद्रकाठ कधी उघडा, कधी बंद हे कसं ओळखायचं?

वाडीतली

नमस्कार मंडळी,

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. ऑक्टोबरअखेर आम्ही ॲथलोन सोडून गॉलवेला आलो. ॲथलोन देशाच्या अगदी मध्यावर, शॅनन नदीच्या काठी. आताचं घर सॉल्टहिलमध्ये. गल्लीचा उतार संपला की प्रोमेनेड (इथे सगळे 'प्रोम' म्हणतात, समुद्राकाठची फिरायची वाट), पलीकडे गॉलवे बे, आणि हवा स्वच्छ असली की समोर क्लेअरमधले बरेनचे करडे डोंगर. मुलगी सहा वर्षांची आहे. नवऱ्याच्या इस्पितळात रात्रपाळ्या असतात, मी घरून काम करते. त्यामुळे वादळाच्या रात्री बऱ्याचदा आम्ही दोघीच घरात असणार.

मी मूळची हर्णैची. समुद्र मला नवा नाही, पण माझं समुद्राचं सगळं शिक्षण तिकडच्या वेळापत्रकाचं आहे. पावसाळा लागला की समुद्र बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी घरात, १ जून ते ३१ जुलै सरकारची मासेमारीबंदी, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही. लहानपणी आम्हाला कुणी हवामान समजावून सांगितलं नाही. "आता जायचं नाही" एवढंच सांगितलं, आणि ते पुरलं.

इथे समुद्र बंद होतच नाही. सकाळी आठला धड उजाडलेलं नसतं, वारा असा की दार लोटायला दोन्ही हात लागतात. अकराला लख्ख ऊन पडतं आणि ब्लॅकरॉकच्या पिवळ्या मनोऱ्यापाशी माझ्या आईच्या वयाच्या बायका पोहायला उतरलेल्या दिसतात. दोनला गारा. साडेचारला पुन्हा अंधार. मागे यलो वॉर्निंग होती त्या रात्री भिंतीतल्या हवेच्या झरोक्यातून वारा इतका घुमत होता की लेक माझ्या कुशीत येऊन झोपली. सकाळी शेजारच्या आजी कुत्र्याला घेऊन निवांत फिरून आल्या. म्हणाल्या, नुसतं यलो तर होतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा मी या देशात होते आणि आईबाबा हर्णैला. फोन लागत नव्हता. लागला तेव्हा बाबा फक्त एवढंच म्हणाले, "आम्ही बरे आहोत, वाडी गेली." पणजोबांच्या हातची नारळ-सुपारी होती ती. तेव्हापासून वाऱ्याचा आवाज मला वेगळा ऐकू येतो. म्हणून मी उगाच घाबरतेय की रास्त घाबरतेय, हे मला स्वतःला ठरवता येत नाही.

आणि तरीही मला घरात बसून हिवाळा काढायचा नाही. नवीन जागा आहे, ती पायाखालून घालायची आहे. मुलीला तिचा समुद्र ओळखीचा व्हायला हवा, जसा मला माझा होता. तर विचारायचं असं: यलो, ऑरेंज, रेड यांचा इथल्या काठावर प्रत्यक्षात अर्थ काय? प्रोमचा कोणता भाग लेकीला घेऊन जाण्यासारखा आणि कोणता नाही? खराब दिवशीही बाहेर पडता येईल अशा जागा कोणत्या? जे खरोखर इथे राहतात त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

---

पश्चिमवारा

ताई, गॉलवेत स्वागत. मी बरीच वर्षं बार्नाला आहे, तुमच्या घरापासून पश्चिमेला थोडंच पुढे. तुम्ही विचारलेलं माझ्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रंगांबद्दल. मेट एरनचे, म्हणजे इथल्या हवामान खात्याचे, वाऱ्याचे निकष साधारण असे: यलो म्हणजे झोत ताशी ९० ते ११० किमी, ऑरेंज ११० ते १३०, रेड १३० च्या वर. हे वाऱ्याचे आकडे आहेत आणि ते पूर्ण काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, लागू होतात. काउंटी गॉलवे एवढी मोठी की एका टोकाला अटलांटिकवरचं कॉनेमारा आणि दुसऱ्या टोकाला बॅलिनास्लोची कुरणं, जिथून समुद्र दिसतही नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाशी पाणी किती चढेल हे रंग पाहून नीट कळत नाही. त्यासाठी आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, आणि हवेचा दाब.

दिशा. प्रोम दक्षिणेकडे तोंड करून आहे. बेचं तोंड पश्चिमेला, आणि त्या तोंडाशी तिन्ही अरान बेटं उभी आहेत. ती लाटांचा बराच मार स्वतःवर घेतात, पण सगळा नाही. दक्षिण आणि नैऋत्य वारा बेतलं पाणी रेटून सॉल्टहिलच्या अंगावर आणतो. वायव्य वारा जमिनीवरून येतो. तो बोचरा, गारांचा, छत्री मोडणारा, पण त्या दिवशी प्रोमखालचं पाणी त्या मानाने दबलेलं असतं. इथलं वादळ सहसा दक्षिणेच्या वाऱ्याने सुरू होतं आणि जाताना वारा पश्चिमेकडे, मग वायव्येकडे वळतो. वळला की समजायचं, मुख्य भाग पुढे सरकला.

भरती. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. माझे आजोबा गुहागरचे. त्यांचं गणित होतं, तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. तुमच्याकडेही हेच असणार. इथे आल्यावर मी तक्ते समोर ठेवून ते ताडून पाहिलं. गॉलवेत पाऊणपट करून त्यात सहा तास मिळवायचे. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा एक तास आणखी. पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे बाहेर पडताना छापील तक्ताच बघायचा. पण स्वयंपाकघरात उभं राहून अंदाज बांधायला आजोबांचं गणित अजून चालतं, आणि ते चालतं याचा मला मनापासून आनंद आहे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जेमतेम दोन.

दाब. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वर येते. नेहमीचा दाब १०१३. वादळात तो ९६० वर आला तर वाऱ्याने रेटलेलं पाणी आणि लाटा सोडूनच अर्धा मीटर पाणी जास्त.

आता ही तिन्ही एकत्र कशी येतात ते दोन वादळांवरून सांगतो.

डेबी वादळ १३ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे आलं. तारीख आठवून बघा: आदल्या संध्याकाळी आपल्याकडे लक्ष्मीपूजन झालं होतं. आश्विन अमावास्या, म्हणजे उधाण, आणि भरती पाच-सहाची. वादळही त्याच वेळी गॉलवेवर. पाणी सॉल्टहिलला चढलं, शहरात नदीकाठच्या स्पॅनिश आर्चच्या बाजूला शिरलं, जवळच्या ओरानमोर गावात दुकानांत आणि घरांत घुसलं.

एओविन वादळ २४ जानेवारी २०२५ चं. कॉनेमारातल्या मेस हेडला झोत ताशी १८० किमीच्या वर गेला आणि १९४५ पासूनचा या देशाचा विक्रम मोडला. पूर्ण देश रेडमध्ये होता, साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. वाऱ्याच्या मानाने डेबी त्याच्यापुढे लहान. पण त्या दिवशी पौष वद्य दशमी होती. दशमीचे पाऊणपट साडेसात, अधिक सहा, म्हणजे भरती रात्री दीडच्या आसपास. वाऱ्याचा सगळ्यात मोठा जोर पहाटे पाचच्या सुमारास आला तेव्हा पाणी ओसरत होतं, आणि तेही भांगाकडे झुकलेल्या दिवसांतलं. एवढ्या वाऱ्याने हेच पाणी अमावास्येच्या भरतीवर चढवलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचारही नको वाटतो.

म्हणून माझ्यापुरता नियम असा: उधाणाच्या दिवसांत नैऋत्येचा यलो असेल तर भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास मी प्रोमवर जात नाही. भांगाच्या दिवसांत वायव्येचा यलो असेल तर जाड कोट घालून खुशाल जातो. शेजारच्या आजींनी कुत्रा फिरवला तो बहुधा असाच दिवस असणार. इतकी वर्षं काठावर राहिलेल्या माणसांनी हे शब्दांत मांडलेलं नसतं, पण त्यांना ते ठाऊक असतं. ऑरेंजला मी काठावर जातच नाही, मग तिथी कोणतीही असो. रेडला घराबाहेर नाही. त्या वेळी बसही थांबवतात आणि शाळाही बंद ठेवतात.

निसर्गबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात तुटलं. वाडी जाणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. इथली वादळं जातीनेच वेगळी आहेत. आपल्याकडची ऊबदार समुद्रावर पोसली जातात, गाभा लहान आणि भयंकर. इथली थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर, वरच्या जेट प्रवाहाखाली तयार होतात. पसारा शेकडो किलोमीटरचा, धाव वेगाची, त्यामुळे मुख्य जोर बहुतेकदा काही तासांत उरकतो. कळायला अनेक दिवस आधीपासून कळतं. तुमची भीती उगाच नाही. तिला इथलं कोष्टक हवंय, एवढंच.

लेकीला घेऊन कुठे, तर शांत दिवशी एकदा पूर्ण प्रोम चाला, ग्रॅटन रोडपासून ब्लॅकरॉकपर्यंत, आणि खुणा दाखवत चाला. फुटपाथवर गोटे आणि शेवाळ पडलेलं दिसलं की तिथपर्यंत लाट येते. टॉफ्टचा कार पार्क आणि सीपॉइंटची बाजू सखल आहे, पहिलं पाणी तिथे. पालिका वादळाआधी हे कार पार्क रिकामे करायला लावते. ते बंद झालेले दिसले तर दुसरा कुठला निरोप पाहायची गरज नाही. ब्लॅकरॉकच्या पायऱ्या हिरव्या शेवाळाने निसरड्या असतात, तिथे मुलांना वरूनच. पश्चिम टोकाला पोचल्यावर भिंतीला पाय लावून परत फिरायची इथली पद्धत आहे. लेकीला लावू द्या. त्याशिवाय फेरी पुरी होत नाही असं गॉलवेकर मानतात.

---

रात्रपाळी

मी लातूरची. नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, इथेच पाहिला. तिथी आणि पाऊणपट मला जमणार नाही, पण घरात एकटी बाई आणि लेकरू, बाहेर वादळ, नवरा ड्यूटीवर, हे मी जगले आहे. फक्त आमच्या घरात ड्यूटीवर मी असते. त्यामुळे त्या बाजूने सांगते.

पहिलं म्हणजे, रेडच्या रात्री ड्यूटी असेल तर इस्पितळ सहसा लोकांना वारा सुरू व्हायच्या आधी बोलावतं आणि वारा थांबेपर्यंत सोडत नाही. म्हणजे नवरा बारा तासांऐवजी बराच जास्त वेळ बाहेर असू शकतो. हे आधीच बोलून ठेवा. "सुटलो की निघतो" असं त्यांनी म्हणू नये आणि तुम्ही म्हणू देऊ नये. एओविनच्या सकाळी रस्त्यांवर झाडं आणि तारा पडलेल्या होत्या.

दुसरं, वीज. आम्ही स्पिडलच्या बाजूला राहतो. एओविननंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तोवर मला कळलं नव्हतं की या घरात विजेवर काय काय आहे: शेगडी, शॉवर, हीटिंगचा पंप, वायफाय. आमच्या भागात पाणीही पंपावर, त्यामुळे नळ कोरडा. शहरात पाण्याची तेवढी अडचण येत नाही, पण दोन बादल्या भरून ठेवा, आपल्याला सवय आहेच. थर्मासमध्ये गरम पाणी, पॉवर बँका भरलेल्या, बॅटरी म्हणजे टॉर्च, मेणबत्ती नको. छोटी गॅस शेगडी असेल तर खिडकी उघडल्याशिवाय पेटवायची नाही. मी आदल्या दिवशी धपाटे करून ठेवते, दोन दिवस टिकतात, लेकरं थंडच खातात. ईएसबी नेटवर्क्सचं (इथली वीजवाहिन्या सांभाळणारी कंपनी) पॉवरचेक फोनवर घेऊन ठेवा, वीज कधी येणार त्याचा अंदाज त्यावर येतो. तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं कधीही समजू नका.

तिसरं, अंगण. कचऱ्याचे डबे आडवे करून भिंतीच्या आडोशाला ठेवा. शेजाऱ्यांकडे ट्रँपोलिन असेल तर ते बांधलंय का ते विचारा. लाजू नका, इथे सगळे विचारतात. झोपायला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खोली घ्या, आसपास मोठं झाड असेल तर त्यापासून लांबची. आणि भिंतीतला झरोका कपडा कोंबून बंद करू नका, घरातली हवा खेळती राहायला तो आहे. आवाजासाठी आम्ही लेकराच्या खोलीत पंखा लावतो. वीज आहे तोवर.

एक गोष्ट सांगते, मला वॉर्डातल्या एका आजोबांनी सांगितलेली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडमध्ये महाभयंकर वारा आला होता, 'बिग विंड'ची रात्र म्हणतात. पुढे १९०९ साली सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं तेव्हा कित्येकांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. मग विचारायचे, बिग विंडची रात्र आठवते का? आठवत असेल तर सत्तरी उलटली. हे ऐकल्यावर मला माझी आजी डोळ्यांसमोर आली. ती वयं दुष्काळावरून सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात हा रांगत होता, असं. तेव्हापासून ही माणसं मला परकी वाटत नाहीत.

बाई, तुम्ही घाबरा खुशाल. पण फोन करा कुणाला तरी. मी नाइटला नसेन तेव्हा जागीच असते.

---

वाडीतली

काय लिहू. पश्चिमवारा, तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या कालनिर्णय काढून बसले (आई दरवर्षी पाठवते, इथेही भिंतीवर आहे). आजची तिथी घेतली, पाऊणपट केलं, सहा मिळवले, आणि मग गॉलवेचा तक्ता उघडला. पंचवीस मिनिटांचा फरक! बाबांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे चंद्र तोच आहे म्हणायचा." आता त्यांनी मला रोज भरतीची वेळ कळवायचं ठरवलंय, हर्णैहून गॉलवेची.

डेबीचा आणि लक्ष्मीपूजनाचा संबंध वाचून अंगावर काटा आला. त्या दिवाळीत आम्ही ॲथलोनला होतो. बातमीत ओरानमोरचे रस्ते पाहिले होते, पण अमावास्या डोक्यातही आली नव्हती.

रात्रपाळी, नवऱ्याशी बोलले. त्याने वॉर्डात विचारून आल्यावर तुमचंच म्हणणं खरं निघालं. धपाट्यांची कृती कुठल्या तरी धाग्यावर टाका, आमच्याकडे फक्त घावने आणि आंबोळ्या. तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे.

एक राहिलं. ऑरेंजच्या दिवशी, किंवा उधाणाच्या नैऋत्येच्या दिवशी, लेकीला घेऊन जायचं कुठे? चार भिंतींत ती दुपारपर्यंत वैतागते.

---

पाणलावा

याला उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी वादळाची वाट पाहणाऱ्यांपैकी आहे, पक्ष्यांसाठी. मी गॉलवेला विद्यापीठात आहे, मूळ नाशिक.

वारा चालू असताना: सॉल्टहिललाच अटलांटाक्वेरिया आहे, मत्स्यालय. यलोला उघडं असतं, ऑरेंजला आधी फोन करून बघा. तिथला शार्क पाहण्यापेक्षा मुलं रे माशाच्या टाकीपाशी जास्त रमतात. हर्णैच्या आईला तर तो पाकट म्हणून ओळखीचाच. दुसरं, स्पॅनिश आर्चला लागून शहराचं संग्रहालय, प्रवेश फुकट. तिथे गॉलवे हूकर नावाची होडी टांगलेली आहे, तांबूस-तपकिरी शिडाची. तुम्ही ती पाहाच. समोर नदीपल्याड क्लाडा होतं, कोळ्यांचं जुनं गाव, गवताने शाकारलेली घरं, आपला स्वतःचा राजा निवडणारं. १९३० च्या दशकात ती घरं पाडून नवी बांधली. हर्णैच्या बंदरात वाढलेल्या माणसाला ते गाव नकाशावर नुसतं वाचून कळणार नाही, जाऊन उभं राहायला हवं. फक्त स्पॅनिश आर्च स्वतः पुराच्या जागेत आहे, म्हणून उधाणाच्या नैऋत्येला तेही टाळा. त्या दिवशी आयर स्क्वेअरच्या बाजूला वर शहरात जा, ग्रंथालय गाठा.

बार्ना वूड्स सुंदर आहे, ओकची जुनी राई, पण वाऱ्यात अजिबात नको. आणि वादळानंतरही काही दिवस नको. मुळं ढिली झालेली झाडं शांत दिवशी पडतात.

वारा वायव्येला वळून ऊन पडलं की निमोज पिअरला या, क्लाडाच्या टोकाला. अलेक्झांडर निम्मो या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाचा धक्का आहे. वादळानंतर उत्तर ध्रुवाकडचे पांढऱ्या पंखांचे गल तिथे येऊन बसतात, आइसलँड गल आणि ग्लॉकस गल. इंग्लंड-आयर्लंडमधले पक्षीवेडे खास ते बघायला गॉलवेत येतात. धक्क्याच्या दगडांवर टर्नस्टोन नावाचे छोटे पक्षी माणसाच्या पायाजवळून पळत असतात, मुलांना ते फार आवडतात. आत क्लाडाच्या पाण्यात हंस.

आणि ओहोटीला रुशीन बे. गोल्फ मैदानाच्या पुढे, आडोशाला. तिथे हिवाळ्यात काळ्या मानेचे ब्रेंट गीज उतरतात, थेट कॅनडाच्या आर्क्टिक भागातून, आइसलँडमार्गे. समुद्र ओलांडून येतात आणि इथल्या चिखलातलं गवत खातात. घशातल्या घशात बोलत राहतात, लांबून माणसांच्या गप्पांसारखं ऐकू येतं. लेकीला एक साधी दुर्बीण घेऊन द्या. भांगाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, तेव्हा हिवाळ्यात अंधार. उधाणाच्या दिवसांत ती दुपारी अकरा-बाराला, म्हणजे उजेडात. पक्ष्यांसाठी उधाणाची शांत दुपार सगळ्यात उत्तम.

---

पश्चिमवारा

पाणलावा, उधाणाच्या दुपारचं तुम्ही सांगितलंत ते छान. ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार कळवा.

वर एक लिहायचं राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. इथे सगळ्यात फसवा दिवस वादळाच्या दुसऱ्या दिवसाचा. वारा पडलेला, ऊन, वॉर्निंग उठलेली, सगळं गॉलवे प्रोमवर. पण वादळ दूर अटलांटिकवर ज्या लाटा उठवतं त्या मागाहून पोचतात आणि एक-दोन दिवस येतच राहतात. बराच वेळ पाणी साधं दिसतं, मग अचानक एक मोठी लाट येते. त्या दिवशी लेकीला भिंतीच्या आतल्या बाजूने चालवा, हात सोडू नका, खालच्या पुळणीवर आणि खडकांवर उतरू नका. इथल्या कोस्ट गार्डचं सांगणं तीन शब्दांत आहे: मागे राहा, उंचावर राहा, कोरडे राहा. कुणी पाण्यात पडलेलं दिसलं तर स्वतः उतरायचं नाही. काठावर बुडणाऱ्याला धरायच्या तरंगत्या कड्या टांगलेल्या असतात त्यातली एक फेकायची, आणि ११२ लावून कोस्ट गार्ड मागायचं. ते जागा विचारतील, म्हणून प्रोमवरच्या खुणांची नावं लेकीलाही पाठ करवा: ग्रॅटन, सीपॉइंट, लेडीज बीच, ब्लॅकरॉक.

पुढच्या शांत रविवारी ओहोटीच्या वेळी आम्ही घरचे सगळे रुशीनला जाणार आहोत. पाणलावा, तुम्हीही या, दुर्बीण आणा. रात्रपाळी, तुमची ड्यूटी कधी ते कळवा, त्याप्रमाणे वेळ ठरवू.